टाचमास्तर

"टाच आहे हो ती माझी, बाटलीचं बूच नव्हे," दातांचे डॉक्टर कळवळून म्हणाले.

"तुम्ही दाढ उपटता तेव्हा आम्ही काही बोलतो का?" असं म्हणून टाचमास्तरने आणखी एक झटका दिला. फटकन आवाज झाला आणि साबणाच्या पाण्याने बुळबुळीत झालेली डॉक्टरांची टाच रबरी बुटातून बाहेर आली. "बरोबर आहे. आता दुसरा पाय."

तलावाच्या लाकडी धक्क्यावर, टोकाच्या बाकापाशी, हा कार्यक्रम रोज सकाळी चालायचा. मोटरबोटीमागे दोरी धरून पाण्यावरून घसरत जायची हौस असलेली माणसं या क्लबात यायची आणि पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला या बाकावर बसावंच लागायचं. पायाखाली स्की, म्हणजे लांब फळ्या, आणि फळ्यांवर बसवलेले रबरी बूट. ते बूट किती घट्ट असावेत हे ठरवणं टाचमास्तरचं काम. तो उजवा गुडघा टेकून बसायचा, फळी मांड्यांत आवळून धरायचा आणि समोरच्याची टाच एका हाताने वर ओढायचा. नुसती हलवल्यावर निघाली तर बूट सैल. एका हाताच्या दमदार ओढीने निघाली तर बरोबर. दुसरा हात लावावा लागला तर घट्ट, आणि घट्ट बुटात तो कुणाला पाण्यात उतरू द्यायचा नाही, मग तो क्लबचा अध्यक्ष का असेना. पाय ओला करूनच बघायचं, कारण कोरडा पाय खोटं बोलतो, असं त्याचं म्हणणं. आणि दोन्ही पाय सारखे हवेत. पडताना सुटायचे तर दोन्ही सुटले पाहिजेत.

"एक सुटला आणि एक अडकला," तो डॉक्टरांना सांगत होता, "तर एवढी लांब फळी घोट्याला पीळ घालते. ओली चादर पिळतात ना, तसं."

"रोज तेच सांगता हो."

"आणि तुमचा घोटा रोज तसाच आहे."

डॉक्टर हसले. सगळेच हसायचे. टाचमास्तर हे नाव बोटवाल्याने दिलेलं. तो याचा तरुणपणापासूनचा दोस्त. गमतीत दिलेलं नाव इतकं चिकटलं, की पगाराच्या पाकिटावरही कारकून तेच लिहायचा. बावीस वर्षांत क्लबात एकाचाही घोटा मोडला नव्हता. क्लबाच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात चषक ओळीने मांडलेले होते, लांब उड्यांचे, वेगाचे, वळणांचे. न मोडलेल्या पायांचा चषक कुणी काढत नाही. न घडलेली गोष्ट दाखवणार तरी कशी? टाचमास्तरला हे अधूनमधून खुपायचं, पण तो बोलून दाखवायचा नाही.

त्याचा स्वतःचा डावा घोटा मात्र मोडलेला होता. चोविसाव्या वर्षी, याच तलावात, पाहुण्यांसमोर कसरती करताना. मागचा पाय सुटला, पुढचा अडकला, आणि पाण्याखाली फळी फिरली ती घोट्याला घेऊनच. बोटवाल्याने केसाला धरून वर काढलं तेव्हा पाय त्याचाच होता, पण तोंड मागे करून बसला होता. घोट्यात तीन स्क्रू बसले. घोटा वाकायचा थांबला तो कायमचा. त्या दवाखान्यात प्लास्टर कापणारी एक फटकळ नर्स होती. "हलू नका, नाहीतर करवत चुकेल," हे तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य. पुढे तिच्याशीच लग्न झालं आणि तो लोकांना सांगायचा की तेव्हापासून मी हललेलो नाही.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी पाय बाहेर टाकून फेंगडी चालायची म्हणून बोटवाले काका तिला बदक म्हणायचे. आठव्या वर्षी बदक दोन फळ्यांवर उभी राहिली, बाराव्या वर्षी एकाच, दोन्ही पाय मागेपुढे बुटांत घालून. विसाव्या वर्षी ती एका फळीवरून सहा बोयांना वळसे घालत जायची. पाण्यात डावीउजवीकडे सहा लाल तरंगते बोये बांधलेले असतात. बोट मधून सरळ जाते आणि मागच्याने दोरी धरून प्रत्येक बोयाला बाहेरून वळायचं असतं. जमलं की दोरी तोकडी करतात. पुन्हा जमलं की आणखी तोकडी. शेवटी दोरी अशी तोकडी होते की वळताना माणूस पाण्याला कान लावल्यासारखा आडवा होतो. टाचमास्तर तेव्हा धक्क्यावर उभा राहून तिच्या पायांकडे बघायचा. बाकी जग तिचं वळण बघायचं.

त्या वर्षी राष्ट्रीय संघात एक जागा होती आणि निवड याच तलावावर होणार होती. जागेसाठी मुली दोन. एक बदक, दुसरी क्लबातल्याच एका वकिलांची मुलगी.

"बाबा, मला चौथी खाच हवी," निवडीच्या चार दिवस आधी जेवताना मुलगी म्हणाली.

बुटाचा टाचेकडचा भाग एका धातूच्या पट्टीवर बसवलेला असतो आणि पट्टीला खाचा असतात. एक खाच पुढे सरकवली की बूट तेवढा आवळतो. तिचे दोन्ही बूट तिसऱ्या खाचेवर होते. बापाने बसवलेले.

"तिसरी बरोबर आहे," टाचमास्तर म्हणाला.

"वळणावर माझी टाच उचलली जाते. फार नाही, एवढीशी. पण तेवढ्यात फळी मागे पडते. कोच सरही तेच म्हणतात."

"सरांचे घोटे वाकतात अजून. त्यांना म्हणायला काय जातंय."

"आणि वकिलांच्या मुलीचं? तुमचं बघून झालं की ती नाडी पुन्हा ओढून ओढून बांधते. तिला नाही काही झालं."

"अजून नाही झालं."

"झालं, सुरू तुमचं," मुलगी म्हणाली. ताटावरून उठली नाही, पण जेवायची थांबली. "बाबा, या क्लबातून आजवर एकजण तरी वर गेला का? विचार केलाय कधी का ते? सगळे सुटतात. तुम्ही सगळ्यांना सुटायला शिकवलंत."

हे टाचमास्तरला झोंबलं. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"अहो, पोर लहान नाही आता," बायको म्हणाली. ती अजूनही त्याच दवाखान्यात होती आणि प्लास्टरच्या खोलीची प्रमुख झाली होती. "घोटे मीही बघते रोज. जिन्यावरून पडलेले, अंघोळीत घसरलेले. म्हणून काय लोकांनी जिने सोडायचे?"

दोघी एका बाजूला झाल्या की त्या घरात टाचमास्तरचं काही चालत नसे. तिसऱ्या दिवशी त्याने मान तुकवली. चौथी तर चौथी. मुलीने स्वतः स्क्रू काढले, दोन्ही बूट एक खाच पुढे घेतले, घट्ट पिळले आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्याभोवती लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे ढिला झाला तर कळावा. मग ती बाकावर बसली. टाचमास्तरने फळी मांड्यांत धरली आणि ओढलं. टाच हलली नाही. त्याने दुसरा हात लावला, श्वास रोखून ओढलं, तेव्हा कुठे निघाली.

"बरं," तो म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. शब्द दिलाय ना."

मुलीने वाकून त्याच्या टकलावर टिचकी मारली. ती खूश असली की असं करायची.

निवडीच्या दिवशी तो पहाटेच शेडमध्ये गेला. शर्यत सकाळी सातची होती, त्या वेळी पाणी आरशासारखं पडलेलं असतं. शेड उघडायची, फळ्या पुसायच्या, बादलीत साबण कालवायचा, ही रोजची कामं. मुलीची फळी भिंतीला टेकवलेली होती. तो तिच्याकडे पाठ करून बराच वेळ दुसऱ्याच फळ्या पुसत राहिला. गारठा होता आणि डावा घोटा ठणकत होता.

मग तो वळला, टाचेकडचं रबर वर उचललं आणि खालचे लाल ठिपके बघितले. हात थांबला. नाही असं नाही, थांबला. पण गारठ्यात रबर कडक होतं हे तो जाणून होता. सकाळच्या थंडीत तिसरी खाचसुद्धा जवळजवळ चौथीसारखी आवळते. तिला फरक कळायचाही नाही, त्याने स्वतःला सांगितलं. तिला हवं ते मिळेल आणि मला हवं ते. पाच मिनिटांत त्याने दोन्ही बूट एक खाच मागे घेतले. दोन्ही सारखे, एका रेषेचा फरक नाही. रबर खाली सोडलं की पट्टी दिसत नव्हती. त्यात त्याला अभिमानही वाटला, ही त्या दिवसातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट.

पावणेसातला मुलगी आली. तिने पाय घालून बघितला, कडक रबरात तो कण्हत कण्हत गेला. तिने समाधानाने मान हलवली. पट्टी बघितली नाही. बापाच्या शेडमधून आलेली फळी कोण तपासतं?

सातला वारा सुटला. पाण्यावर सुरकुत्या पडल्या, मग लाटा. परीक्षक तिघे होते, त्यांनी धक्क्यावर उभं राहून एकमेकांशी कुजबुज केली आणि सांगितलं, वारा पडेपर्यंत थांबू. आठ वाजले, दहा वाजले. खेळाडूंच्या फळ्या धक्क्यावरच्या उघड्या लाकडी घोडीवर ओळीने ठेवलेल्या होत्या. ढग पांगले आणि ऊन तापायला लागलं. काळं रबर उन्हात तासभर राहिलं तरी मऊ पडतं आणि बूट आपोआप सैल होतो. हे धक्क्यावर शेंबड्या पोरालाही माहीत, कारण टाचमास्तरच ते सगळ्यांना शिकवायचा. बदकला आठव्या वर्षीच शिकवलं होतं. उन्हातल्या बुटाला एक खाच जास्त, हा त्याचाच नियम.

आता हिशेब उलटा झाला होता. चौथीवर असते तर दुपारच्या उन्हात ते बूट तिसरीसारखे झाले असते आणि कुणालाच काही बोलावं लागलं नसतं. पण होते तिसरीवर. म्हणजे दुपारी ते दुसरीसारखे होणार होते. दुसरीवर तो दातांच्या डॉक्टरांना पाठवायचा.

स्क्रूड्रायव्हर त्याच्या खिशातच होता. घोडी वीस पावलांवर होती. पण घोडीशेजारी मुलगी बसली होती, सर होते, वकील होते, वकिलांची मुलगी होती. तिथे जाऊन रबर उचलायचं म्हणजे ठिपके उघडे पडणार, आणि ठिपके तुटलेले. काय सांगणार होता? त्याने दोनदा खिशात हात घातला आणि दोनदा रिकामा बाहेर काढला. फळी सावलीत तरी न्यावी म्हणून उठला, तर सर म्हणाले, "मास्तर, राहू दे, नंबर कधीही लागेल." तो परत बसला. सर राहू दे म्हणाले याचं त्याला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलायचं.

दीड वाजता वारा पडला. वकिलांची मुलगी आधी गेली. नाड्या दातओठ खाऊन बांधल्या, टाचमास्तरला टाचेला हातही लावू दिला नाही. परीक्षकांसमोर तिला अडवायची त्याची छाती झाली नाही. शेवटच्या फेरीत तिने पाच बोये घेतले.

म्हणजे बदकला सहा हवे होते.

ती बाकावर बसली. बादलीतलं साबणाचं पाणी पायांवर घेतलं आणि पाय आत सरकवला. पाय अलगद गेला.

"बाबा, आज सहज गेला हो पाय," ती म्हणाली. "ओढून बघा ना."

टाचमास्तरने उजवा गुडघा टेकला. फळी मांड्यांत धरली. तिच्या टाचेखाली हात ठेवला. टाच गरम होती, रबरही गरम होतं. ओढली तर काय होईल हे त्याच्या हाताला ओढण्याआधीच कळलं होतं. टाच तळहातात येणार. आणि मग ती विचारणार.

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने ओढलं नाही. नुसता हात ठेवला, खांदा थोडा उचलला, आणि म्हणाला, "बरोबर आहे."

"नक्की?"

"बरोबर आहे म्हटलं ना."

ती पाण्यात उतरली. बोटवाल्याने वळून अंगठा उंचावला आणि दोरी ताणली गेली. पहिला बोया, दुसरा, तिसरा. सर धक्क्यावर गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. टाचमास्तर तिच्या पायांकडे बघत होता. चौथ्या बोयापाशी ती पाण्याला कान लावून आडवी झाली, फळी वळली, पण पाय वळले नाहीत. दोन्ही टाचा एकदम बाहेर आल्या. फळी एकीकडे गेली, मुलगी दुसरीकडे, पाण्यावर तीनदा आपटली आणि दिसेनाशी झाली.

तेवढ्या क्षणात टाचमास्तरच्या मनात जे आलं ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. त्याच्या मनात आलं, दोन्ही सुटले. बरोबर सुटले.

ती पोहत आली. धक्क्याची शिडी दोन्ही पायांनी चढली, कुठे लंगडणं नाही, खरचटणं नाही. बोटवाल्याने फळी आणून दिली. तिने ती उलटी धरून पाणी निथळवलं आणि टाचेकडचं रबर उचललं. ठिपके फुटलेले होते. स्क्रू तिसऱ्या खाचेत होते.

ती त्याच्यापाशी आली. आवाज चढवला नाही.

"तुम्ही हात लावलात?"

"हो."

"कधी?"

"पहाटे."

"आणि नंतर ऊन पडलं ते?"

इथे एक वाट होती. टाचमास्तरला ती दिसली होती. पुढची सहा वर्षं तो रोज त्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहणार होता. पण त्या वेळी वकील बघत होते, सर बघत होते, आणि त्याची जीभ आपली आपणच हलली.

"सुचलं नाही," तो म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे बघितलं. उन्हातल्या बुटाला एक खाच जास्त. तिने फळी घोडीवर ठेवली, टॉवेल घेतला आणि गेली.

घरी बायको स्वयंपाकघरात उभी होती. तिला सगळं कळलं होतं. तिने भांडण केलं नाही, आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाली, "पाय मोडला असता तर मी जोडला असता हो. हे कशाने जोडू?"

मुलीने फळी विकली नाही की फोडली नाही, नुसती शेडमधून नेली नाही. दोन महिन्यांनी ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. कपड्यांच्या मोठ्या दुकानात, नऊ तास उभं राहायचं काम. आईला आठवड्यातून दोनदा फोन यायचा. बापाने फोन घेतला तर "बरे आहात ना?" विचारायची, एखाद्या पाहुण्याला विचारावं तसं, आणि "आईला द्या," म्हणायची.

वकिलांची मुलगी संघात गेली. टाचमास्तर तिच्या बातम्या वाचायचा. ती जिंकल्याच्या नव्हे. तिचा घोटा मोडल्याची बातमी शोधायचा. असल्या घट्ट नाड्या, आज ना उद्या, असं म्हणत तो वर्तमानपत्राचं शेवटचं पान उघडायचा. ती क्लबात भेटायला आली की त्याची नजर आधी तिच्या पायांकडे जायची, कुठे पट्टी दिसते का बघायला. एकदा तिनेच विचारलं, "काय बघता मास्तर?" तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली. लोकांचे पाय मोडू नयेत म्हणून आयुष्य घातलेला माणूस एका पोरीचा पाय मोडायची वाट बघत होता. कारण तो मोडला असता तर हा बरोबर ठरला असता. तिला सहा वर्षांत काही झालं नाही. नखसुद्धा उखडलं नाही. तिचा मोठा फोटो क्लबाच्या दिवाणखान्यात लागला, पाण्याला कान लावलेला.

सहा वर्षांनी क्लबाने नवे बूट आणले. ठरावीक जोर आला की आख्खा बूटच फळीपासून सुटायचा, दोन्ही पाय बरोबर. जोर किती तो आकडा फिरवून लावायचा. नवा व्यवस्थापक म्हणाला, "आता टाच ओढायची गरज नाही मास्तर." ते बूट चांगले होते. टाचमास्तरने तपासून बघितले आणि त्यात खोट निघाली नाही, याचंच त्याला वाईट वाटलं.

निरोपाचा कार्यक्रम दुपारी होता. दातांचे डॉक्टर बोलले, म्हणाले की माझ्या दोन्ही टाचांनी या माणसाला आयुष्यभर शिव्या दिल्या आणि दोन्ही टाचांवर उभा राहून मी आज त्याचे आभार मानतो. लोक हसले. क्लबाने काचेची एक छोटी फळी भेट दिली, तिच्यावर काचेचेच दोन बूट. टाचमास्तरने सवयीने ते ओढून बघितले. निघत नव्हते.

मुलगी आली होती. आईने आणली असणार. मागच्या रांगेत बसली आणि कार्यक्रम संपल्यावर चपला काढून धक्क्याच्या टोकाला, पाण्यात पाय सोडून बोटवाल्या काकांशी गप्पा मारत बसली. काका काहीतरी सांगत होते आणि ती हसत होती. टाचमास्तर येताना दिसला तसे काका उठले, बोटीची दोरी आवळायच्या निमित्ताने पलीकडे गेले.

तो तिच्या मागे उभा राहिला. खाली बसणं त्याला सोपं नव्हतं, आणि बस असं ती म्हणाली नाही.

"एक फेरी मारतेस?" त्याने विचारलं. "पाणी बरं आहे आज."

"नको. सवय गेली."

"नव्या बुटांना काही लागत नाही. आपोआप सुटतात."

"ऐकलं मी."

बोलायचं ते त्याने सहा वर्षं घोकलं होतं. आंघोळ करताना, शेड झाडताना, बसमध्ये. त्यात मोठी वाक्यं होती, स्वतःच्या घोट्याची गोष्ट होती, बापाचं काळीज वगैरे होतं. आता त्यातलं काही तोंडातून निघेना.

"त्या दिवशी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "उन्हाचं मला सुचलं होतं."

"माहीत आहे."

"आणि बाकावर तुझी टाच..." तो थांबला. "मी ओढलीच नव्हती."

मुलीने पाण्यात पाय हलवले. 

"कळलं होतं ना मला तेव्हाच," ती म्हणाली. "टाच माझी होती."

"मग बोलली का नाहीस? उठायचं होतंस. दुसऱ्या कुणाला ओढायला सांगायचं होतंस."

"मला वाटलं, बाबा आहेत. त्यांना न ओढताही कळत असेल."

टाचमास्तरने काचेची फळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बोटवाला पलीकडे तीच गाठ तिसऱ्यांदा बांधत होता.

"पहिलं वर्षभर मी वाट बघितली," मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "फोन वाजला की वाटायचं, आज सांगतील. दुसऱ्या वर्षी सोडून दिलं. आता तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. तुम्हाला हलकं वाटेल."

"आणि तुला?"

"मला पाचची बस आहे, बाबा."

तिने पाय पाण्यातून वर घेतले, चपला हातात घेतल्या आणि उठली. जाताना तिने त्याच्या खांद्याला हात लावला, गर्दीत वाट मागताना लावतो तेवढाच, आणि ती धक्क्यावरून किनाऱ्याकडे चालत गेली. नऊ तास उभी राहणारी मुलगी, पाठ ताठ, चाल जराशी फेंगडी. बाकापाशी आली तेव्हा थांबली नाही.

धक्क्याच्या तापलेल्या फळ्यांवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे उठले होते. टाच, चवडा, पाच बोटं. डावा, उजवा, डावा, उजवा, दोन्हींवर भार सारखा, कुठे कमीजास्त नाही. त्याने आयुष्यात इतकी नीट पावलं बघितली नव्हती, आणि त्याने बघितली होती खूप.

ठशांवर पाय पडू नये म्हणून तो कडेला सरकून उभा राहिला. ऊन होतं. आधी बोटं वाळली, मग चवडे. टाचा शेवटपर्यंत राहिल्या, आणि मग त्याही गेल्या, दोन्ही बरोबरच.